जिवाणी आणि स्पंज: लहान खाऱ्या टाकीच्या फिल्टरचा विचार

पाणी गाळले की खाली स्वच्छ पाणी उतरते आणि वर कापडावर बाकी सारे अडून राहते. पाण्याचे काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. कापडावर जे अडले त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र फार थोड्या परंपरांनी मनावर घेतला. जैन परंपरेने तो घेतला आणि त्याला रोजच्या आचाराचे रूप दिले. सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या दिगंबर जैन कुटुंबांत पाणी गाळण्याचे फडके हे चुलीइतकेच घरचे असे. घरात ठेवलेल्या 20 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला कोणता फिल्टर लावावा हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. पण त्या टाकीतही काही अडवायचे असते, काही जगवायचे असते आणि अडलेल्याचे पुढे काय, हे ठरवायचे असते. तिथे तो जुन्या आचाराला येऊन मिळतो.

आचार असा आहे. जाड विणीचे सुती कापड घ्यायचे, 36 अंगुळे लांब आणि 24 अंगुळे रुंद, आणि ते दुहेरी करायचे. सूर्यासमोर धरले तर प्रकाश आरपार दिसू नये इतके ते दाट असावे. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढावी लागते, नाहीतर पाणी वरच साचून राहते. मागांच्या सोलापुरात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कापड भांड्याच्या तोंडावर मध्ये खोलगट राहील असे बसवतात आणि पाणी हळू ओततात. ओतून झाले की कापड दुसऱ्या भांड्यावर उलटे धरतात आणि गाळलेल्याच पाण्याची बारीक धार त्याच्या मागच्या बाजूने सोडून अडलेले जीव खाली उतरवतात. कापड पिळत नाहीत. दुसऱ्या भांड्यात जमलेले हे पाणी म्हणजे जिवाणी. ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत ती परत जाते, तीही काठावरून फेकून नव्हे. तळाला कडी असलेल्या भांड्यातून दोरीने ती पाण्याच्या पृष्ठापर्यंत उतरवतात आणि तिथे भांडे अलगद उलटे होते. उंचावरून पडण्याचा आघात जीवांना होऊ नये म्हणून ही काळजी. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे 48 मिनिटे चालते. त्यानंतर पुन्हा गाळायचे.

‘त्याच विहिरीत’ हा या आचाराचा कणा आहे. एका पाण्यात वाढलेला जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असे नाही, ही त्यामागची समजूत. क्षार, तापमान आणि आम्लता बदलली की सूक्ष्म जलचरांच्या पेशींवर ताण येतो, काही फुगतात, काही आकसतात, हे आज कोणत्याही जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडते. कापडाने पाण्यातले त्रस जीव, म्हणजे हालचाल करणारे जीव, वाचतात. जैन मताने पाणी स्वतःच एकेंद्रिय जलकायिक जीवांचे शरीर आहे आणि ते कापडाने वाचत नाही, याची परंपरेला जाण आहे. गृहस्थाने त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा सोडावी आणि स्थावर जीवांची हिंसा गरजेपुरती ठेवावी, अशी ही मर्यादा आहे.

कापडाच्या गाळण्याला आरोग्याचेही समर्थन मिळाले आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या साडीची निदान चारपदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कॉलऱ्याचे जंतू कापडातून सहज निघून जाण्याइतके लहान असतात, पण ते बहुधा कोपेपॉड नावाच्या बारीक जलचरांना चिकटून राहतात आणि कोपेपॉड कापडावर अडतो. एकच कापड आणि एकच कोपेपॉड. पण तिथे गाळायचे ते माणूस वाचावा म्हणून, आणि जिवाणीत गाळायचे ते कोपेपॉड वाचावा म्हणून. फिल्टर कोणासाठी, हा प्रश्न वस्तूकडे पाहून सुटत नाही. कापड काढल्यावर हात कुठे जातो ते पाहावे लागते.

नळाच्या पाण्याने हा आचार अडचणीत आणला. सोलापूरला येणारे बरेचसे पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येते, वाटेत त्यावर क्लोरीनची प्रक्रिया होते आणि शहरात ते रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी घराघरांत पिंपे भरून ठेवतात. अशा पाण्याची जिवाणी परत कुठे सोडायची? नळाला काठ नाही. काही घरांत ती बोअरवेलमध्ये सोडतात, काही घरांत गाळणे चालू राहते आणि जिवाणी मोरीत जाते. आचाराचा अर्धा भाग उरतो आणि अर्धा गळून पडतो. जो गळून पडतो तोच खरा महत्त्वाचा, असे जिवाणीचा मूळ हेतू लक्षात घेतल्यावर म्हणावे लागते.

समुद्राचा विचार सोलापुरात यायला समुद्र जवळ असावा लागला नाही. किनारा इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. पण यतिवृषभांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केला आणि तो सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत 1943 आणि 1951 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्रिलोकाच्या रचनेचा हा ग्रंथ आहे. त्यात एक लाख योजने व्यासाच्या जंबुद्वीपाला दोन लाख योजने रुंदीचा लवणसमुद्र वेढून आहे आणि त्यापुढे द्वीप आणि समुद्र एकाआड एक पसरत जातात. या असंख्य समुद्रांपैकी लवण, कालोद आणि सर्वांत बाहेरचा स्वयंभूरमण या तिघांतच जलचर आहेत, बाकीच्यांत नाहीत, असे ही परंपरा सांगते. खारे पाणी आणि त्यातला जीव हा विषय या शहराच्या प्रकाशनातून असा एकदा गेलेला आहे.

स्वयंभूरमणातला महामत्स्य 1000 योजने लांब. त्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा दुसरा मासा राहतो, त्याला तंदुलमत्स्य किंवा शालिसिक्थ म्हणतात. महामत्स्य तोंड उघडून पडलेला असतो, लहान मासे आत-बाहेर करतात, आणि हा दाण्याएवढा मासा मनात म्हणतो की मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडले नसते. त्याने कोणालाही मारलेले नसते, तरी त्या भावामुळे तो सातव्या नरकात जातो. भावहिंसा समजावण्यासाठी ही कथा सांगतात. तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि टाकी घरात आणणाऱ्याने ती विसरू नये: दाण्याएवढ्या माशाला मन आहे, त्याला कर्म बांधले जाते, त्याचा हिशेब होतो. जैन वर्गीकरणात मासा पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे पाच इंद्रियांचा पशुवर्गीय जीव आहे, आणि मन असलेला तिर्यंच पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे अणुव्रते, गृहस्थाची लहान व्रते, घेतलेल्या श्रावकाच्या पायरीपर्यंत, चढू शकतो. जो जीव श्रावकाच्या पायरीवर उभा राहू शकतो त्याला शोभेची वस्तू म्हणून काचेत ठेवावे काय, हा प्रश्न इथे साध्या दयेच्या पलीकडे जातो.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे, मारहाण करणे, अवयव तोडणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि खाणे-पिणे तोडणे. हे लिहिताना डोळ्यांसमोर बैल आणि घोडा असणार, तरी सूत्रात प्राण्याचे नाव नाही. काचेच्या टाकीवर पाचही अतिचार तपासून पाहता येतात. बंध तर उघडच आहे. मासा मारण्याचा हेतू नाही, त्याला चारा मिळतो, त्याचे आयुष्य कदाचित समुद्रातल्यापेक्षा लांबेल, असे समर्थन होऊ शकते आणि त्यात तथ्य आहे. समुद्रात बहुतेक मासे लहानपणीच कोणाचे तरी भक्ष्य होतात. पण पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दलही नेमके हेच म्हणता येते आणि बंध अतिचारातून त्याची सुटका होत नाही. केवळ करमणुकीसाठी पंचेंद्रिय जीवाला कोंडणे हे अणुव्रताला मळ लावणारे आहे, असाच या सूत्राचा सरळ अर्थ लागतो. कोणताही फिल्टर तो मळ गाळू शकत नाही.

मासे पाहण्याने मुलांच्या मनात जिवांबद्दल आस्था उत्पन्न होते, हे दुसरे समर्थन अधिक वजनदार आहे. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्राकाठच्या त्या इमारतीत किती मराठी मुलांनी पहिल्यांदा जिवंत समुद्री मासा पाहिला असेल. मात्र सार्वजनिक मत्स्यालयात शेकडो, हजारो लिटरच्या टाक्या असतात आणि त्यांच्यामागे पगारी माणसे दिवसरात्र राबतात. टेबलाच्या कोपऱ्यावरची 20 लिटरची टाकी हे त्याचे छोटे रूप समजणे चुकीचे आहे, आणि ही चूकच बहुतेक माशांच्या जिवावर येते.

लहान टाकी सोपी असा सर्वसाधारण समज आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत वस्तुस्थिती उलटी आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. टाकीचे पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते; पाणी थंड राहावे म्हणून वर पंखा लावला तर बाष्पीभवन आणखी वाढते. 20 लिटरमधून रोज अर्धा लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर क्षारांचे प्रमाण 35 वरून जवळजवळ 38 वर जाते. 200 लिटरच्या टाकीत तेवढेच पाणी उडाले तर फरक जाणवतही नाही. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची असते, खाऱ्याने नव्हे, आणि ते पाणी क्षारमुक्त हवे. दख्खनच्या बेसाल्टातून येणारे बोअरचे जड पाणी यासाठी चालत नाही. टाकीचे पाणी जेवणातल्या मिठानेही बनवता येत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सारे ठरावीक प्रमाणात असते, म्हणून त्यासाठी तयार केलेले मिश्रण शुद्ध पाण्यात विरघळवावे लागते.

प्राणवायूचीही तंगी असते. 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात 7 पेक्षा थोडा कमी, आणि पाणी तापत जाईल तसा तो आणखी घटतो. उन्हाळ्यात माशाचा श्वास वाढतो आणि त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्यात वीज गेली तर पाणी हलणे थांबते. तात्पर्य, सोलापुरात लहान खाऱ्या टाकीचा खरा शत्रू घाणीपेक्षा खंड हा आहे: विजेतला, पाण्यातला, माणसाच्या लक्षातला. फिल्टर निवडताना या तिन्ही खंडांत तो कसा वागतो हे आधी पाहावे.

आता फिल्टर नेमके काय करतो ते पाहू. कचरा अडवणे हे त्याचे दुय्यम काम आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो; अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश उदासीन पाण्याच्या तुलनेत कितीतरी पटीने जास्त असतो. हे विष कोणत्याही कापडाने वा स्पंजाने गाळले जात नाही. ते काम जीवाणू करतात: एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी 1890 च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो. बाजारातून टाकी, मीठ आणि मासा एकाच दिवशी घरी आणला तर दुसऱ्या आठवड्यापर्यंत मासा मेलेला आढळतो, याचे कारण बहुधा हेच.

म्हणजे टाकीतल्या फिल्टरमध्ये जे अडते, जे चिकटून राहते, तेच टाकीला जगवते. जैन गाळण्यात अडलेला जीव वाचवून परत द्यायचा असतो. इथे अडलेल्या जीवाच्या भरवशावर बाकीचे जगतात. जिवाणी आणि जीवाणू हे शब्द मराठीत ऐकायला अगदी जवळचे आहेत. मुळात ते वेगळे असले तरी कामाच्या दृष्टीने ते या टाकीत एकत्र येतात.

या कसोटीवर नेहमीचे प्रकार लावून पाहता येतात. कॅनिस्टर हा टाकीबाहेर ठेवलेला बंद डबा. पाणी नळीने त्यात जाते आणि पंपाने परत येते. मोठ्या गोड्या टाकीला तो उत्तम असतो. लहान खाऱ्या टाकीला तो नको, याचे कारण वीज. वीज जाऊन काही तास झाले की बंद डब्यातले जीवाणू तिथला प्राणवायू संपवून टाकतात आणि मरू लागतात. वीज परत येताच तेच दूषित पाणी पंप टाकीत ढकलतो. शिवाय डबा उघडून धुण्याचे काम जिकिरीचे असल्याने ते पुढे ढकलले जाते आणि आत साठलेला गाळ नायट्रेट वाढवत राहतो. स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसावर सेंद्रिय मळ उचलून बाहेर काढतो. खाऱ्या पाण्याचे हे खास यंत्र आहे आणि मोठ्या टाकीत त्याला तोड नाही. पण 20-30 लिटरच्या टाकीसाठी मिळणारे चिमुकले स्किमर धड चालत नाहीत, आणि त्यांचे काम आठवड्याला 10 टक्के पाणी बदलून अधिक खात्रीने होते. वाळूखालून पाणी ओढणारा जुना फिल्टर वाळूत गाळ कोंबतो. तो टाळलेला बरा.

टाकीच्या कडेला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर हा त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा पर्याय आहे. पाणी वर ओढून धबधब्यासारखे परत सोडताना त्यात प्राणवायू मिसळतो. तासाला टाकीच्या पाच ते दहा पट पाणी फिरवेल एवढा पंप पुरतो, म्हणजे 20 लिटरला तासाला 100 ते 200 लिटर. दोष दोन. नव्या पाकिटातली जाळीची पिशवी दर महिन्याला बदलण्याचा सल्ला पाळला तर तिच्यावर बसलेली जीवाणूंची वस्ती दर महिन्याला कचऱ्यात जाते. आणि पाणी ओढणाऱ्या नळीत गोगलगाय, बारीक झिंगा किंवा कोपेपॉड खेचला जातो. नळीच्या तोंडावर स्पंजाची टोपी घातली तर दुसरा दोष जातो. बदलायची पिशवी काढून तिच्या जागी कायमचा स्पंज ठेवला तर पहिला जातो. इतके केल्यावर जे उरते ते मूळ स्पंज फिल्टरच्या फार जवळचे असते.

स्पंज फिल्टर दिसायला अगदी साधा आहे: काळ्या स्पंजाचा गोळा, मधून नळी, आणि बाहेरच्या एअर पंपाची हवा त्या नळीतून बुडबुडे होऊन वर चढते. बुडबुड्यांबरोबर पाणी वर येते आणि त्याच्या जागी नवे पाणी स्पंजातून आत शिरते. ओढ इतकी मंद की स्पंजावर बसलेला कोपेपॉडही खेचला जात नाही. उलट तो तिथेच चरतो. बुडबुडे प्राणवायू देतात. वीज गेली तरी स्पंज टाकीतच, उघड्या पाण्यात असतो, म्हणून कॅनिस्टरसारखा सडत नाही. आणि एअर पंप इतकी कमी वीज घेतो की बॅटरीवर चालणारा छोटा पंप बरेच तास पुरतो. दोषही सांगायला हवेत. फुटणाऱ्या बुडबुड्यांमुळे टाकीच्या काठावर मिठाची पांढरी पुटे चढतात, ती ओल्या फडक्याने पुसावी लागतात, आवाज होतो, आणि तो टाकीत जागा खातो. सोलापूरच्या हवामानात आणि विजेच्या खेळखंडोब्यात हे दोष खुशाल सोसावेत.

त्याच्या जोडीला सच्छिद्र दगड हवा. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपल्या खाऱ्या टाक्यांविषयी लिहिले. त्यांत समुद्रातला जीवांनी भरलेला दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यापलीकडे जवळजवळ काहीच नव्हते. दगडाच्या छिद्रांत जीवाणूंची मोठी वस्ती बसते. भारतात मात्र समुद्रातून प्रवाळाचा दगड काढणे कायद्याने बंद आहे: दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखा 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही त्यात आहेत. म्हणून टाकीसाठी कृत्रिम किंवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र दगडच वापरावा. जुन्या जैन ग्रंथांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायिकांत, म्हणजे खनिजांच्या रांगेत, केलेली आहे. जीवशास्त्राने ते प्राणी असल्याचे दाखवले. म्हणजे जीव जितका वरचा तितकी काळजी जास्त, ही ग्रंथाचीच भूमिका इथे लावली तर काळजी वाढवावी लागते, कमी करता येत नाही.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वेळ स्पंज धुण्याची. तीन-चार आठवड्यांनी स्पंजातून बुडबुडे रखडत येऊ लागतात. तेव्हा पाणी बदलायच्या दिवशी टाकीतलेच दोन लिटर पाणी बादलीत काढायचे, स्पंज अलगद त्यात बुडवायचा आणि दोन-तीनदा हलके दाबायचा. बादलीतले पाणी चहासारखे तपकिरी होते. इथे थांबायचे. स्पंज पुन्हा नव्यासारखा करण्याचा मोह आवरायचा. नळाखाली धरून खळखळून धुतला तर क्लोरीन आणि गोड्या पाण्याचा झटका यांनी महिनाभरात बसलेली वस्ती काही मिनिटांत मरते, टाकीत अमोनिया चढतो आणि चार दिवसांनी मासा पृष्ठावर येऊन धापा टाकतो. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात धुवावा, दुसऱ्या पाण्याचा त्याला स्पर्श होऊ देऊ नये, हा विहिरीच्या काठावरचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. फरक इतकाच की तिथे पाळणाऱ्याची श्रद्धा नियमाला धरून ठेवते, इथे नियम मोडल्याचा परिणाम आठवड्याच्या आत दिसतो. दोन स्पंज लावून आळीपाळीने एकच धुतला तर धोका आणखी कमी होतो.

बादलीतले तपकिरी पाणी मात्र टाकीत परत जात नाही. ते मळाचे पाणी आहे, आणि त्यात नायट्रेट आणि कुजका गाळ आहे. ते तलावात वा ओढ्यात न सोडता घरच्या सांडपाण्यात घालावे. टाकीतला जीव तलावात सोडणे तर त्याहून वाईट. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी खोदवलेला सिद्धेश्वर तलाव शहराच्या मधोमध आहे, आणि मासा मुक्त करायचा तर तिथे, असे जीवदयेच्या भावनेने कोणाच्याही मनात येऊ शकते. समुद्री माशाच्या शरीरातले क्षार समुद्राच्या सुमारे तृतीयांश असतात. म्हणून तो एरवी सतत पाणी पीत असतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत असतो. गोड्या पाण्यात हा व्यवहार उलटा होतो: पाणी आत घुसते, मीठ बाहेर जाते, आणि बहुतेक समुद्री मासे थोड्याच वेळात मरतात. अभयदान म्हणून केलेली कृती वध होऊन बसते. जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडू नये, या नियमाची इतकी ढळढळीत साक्ष दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता त्या पाच अतिचारांतला चौथा, अतिभारारोपण. बैलगाडीवरचे ओझे डोळ्यांना दिसते. पाण्यावरचे ओझे दिसत नाही, ते टेस्ट किटच्या नळीतल्या रंगातच दिसते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. त्यात जरा जरी रंग उमटला तर जीव जास्त झाले किंवा खाद्य जास्त झाले असे समजावे. 20 लिटरच्या टाकीत दगड आणि वाळू टाकल्यावर पाणी 16-17 लिटरच उरते. त्यात क्लाउनफिशची जोडी ठेवा, असे दुकानात सांगतात. क्लाउनफिशची पैदास आता भारतातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विझिंजम आणि मंडपम येथील केंद्रांनी ती साधली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे समर्थन उरत नाही. पण पैदाशीचा मासाही वाढतो आणि हद्द राखतो. 16 लिटर पाणी त्याला आयुष्यभर पुरत नाही.

घरात अशी टाकी आधीच आली असेल, कोणी भेट दिली असेल वा कोणी शहर सोडताना मागे ठेवली असेल, तर बंधाचा दोष ती टाकी मिळालेल्याचा नसला, तरी सांभाळाचे कर्तव्य त्याचे आहे. त्याने स्पंज फिल्टर आणि सच्छिद्र दगड लावावा, बॅटरीचा पंप हाताशी ठेवावा, उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी, आठवड्याला 10 टक्के पाणी बदलावे आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवावा. मोठी टाकी असलेल्या कोणाकडे मासा देता आला तर द्यावा. नव्याने टाकी लावणाऱ्याने इंद्रियांची पायरी लक्षात घ्यावी: समुद्री शेवाळ एकेंद्रिय, शंख-गोगलगाय द्वींद्रिय, मासा पंचेंद्रिय. 20 लिटरच्या खाऱ्या टाकीत दगड, शेवाळ आणि त्याच्याबरोबर आपोआप येणारे कोपेपॉड एवढेच नीट जगतात, आणि त्यांना स्पंज फिल्टर पुरतो. त्या टाकीत मासा ठेवू नये.